‘काही व्यसन?’ असं विचारू नका, ‘दात कशानं घासता?’ असं विचारा : आरोग्य विभागाला एक खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि गरोदर बायांचे केसपेपर भरणारे सगळे डॉक्टर, सिस्टर, आरोग्यसेविका, आशाताई,

नमस्कार.

माझ्या वहिनीच्या पहिल्या बाळंतपणाचा केसपेपर अजून आमच्या कपाटात आहे, सोनोग्राफीच्या फायलीत खोचलेला. त्यावर एका ओळीत लिहिलंय, व्यसन : नाही. ज्यानं लिहिलं त्यानं ऐकलं तेच लिहिलं, जिनं सांगितलं तिनं खोटं सांगितलं नाही, आणि तरी ती ओळ साफ चुकीची आहे. कारण त्या वेळी वहिनी दिवसातून तीन वेळा मिश्री लावत होती.

मी तेव्हा सोबत होते म्हणून सांगते. बाकावर आमच्या पुढं दहा-बारा जणी, मागं तेवढ्याच, डॉक्टर बिचारे सकाळपासून एकटे. वहिनीचा नंबर आला. वजन झालं, बीपी झालं. मग मान खाली घालूनच प्रश्न, "तंबाखू, दारू, काही व्यसन?" वहिनी लाजून हसली, पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, "छे हो, आमच्यात नाही तसलं काही." तीस सेकंदांत विषय संपला. नंतर सिस्टरनं हिमोग्लोबिनसाठी तिचं बोट टोचलं, अनामिका. त्याच हाताची तर्जनी टोकाला काळी, नखाच्या कडेत काळी रेघ बसलेली. रोज तीन वेळा हिरड्यांवर फिरणारं बोट ते. सिस्टरच्या नाकासमोर होतं. तिनंही पाहिलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही पाहिलं नाही, कारण मला त्यात बघण्यासारखं काही वाटतच नव्हतं. माझ्या आईचं बोट तसंच आहे, आजीचं तसंच होतं.

पुण्या-मुंबईच्या ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. कोकणात मशेरी म्हणतात. आमच्याकडं एक जुना तवा असतो, चपातीला न वापरायचा, तो चुलीवर चांगला तापवायचा, त्यावर तंबाखू टाकून काळी होईस्तोवर परतायची, अख्ख्या आळीला ठसका लागतो, मग तांब्याच्या बुडानं रगडून, फडक्यातून चाळून डबीत भरायची. भाजायचा कंटाळा असेल तर दुकानात तयार मिळते, पुडीत, सुट्टी. सकाळी उठल्यावर दातांना लावायची आणि लगेच चूळ भरायची असं नाही, तोंडात धरून बसायचं, अंगण झाडता झाडता, पाणी भरता भरता, पंधरा-वीस मिनिटं. मग जेवण झाल्यावर, मग दुपारी काम उरकल्यावर, मग रात्री निजताना. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात बायांची अशी डबी नाही असं घर शोधायला लागेल. मी स्वतः दहावीपर्यंत लावलीय. कॉलेजला हॉस्टेलवर आले आणि रूममेटनं तोंड बघून विचारलं हे काय, तेव्हा लाजेनं पेस्ट सुरू केली, तब्येतीसाठी वगैरे काही नाही.

तर आईला मी नंतर एकदा म्हणलं, आई, वहिनीनं दवाखान्यात व्यसन नाही म्हणून सांगितलं. आई भडकलीच. "आगं मग काय सांगायचं? मिश्री म्हंजे काय यसन हाय व्हय? दात घासतूय आमी. यसन तुझ्या चुलत्याला हाय."

तुमच्या केसपेपरवर जे ‘नाही’ लिहिलं जातं ना साहेब, ते माझ्या आईच्या या वाक्यातून येतं. व्यसन हा शब्द आमच्याकडं पुरुषांचा आहे. व्यसन म्हणजे दारू पिऊन गटारीत पडणं, पगार उडवणं, बायकोला मारणं. बाई पहाटे उठून मिश्री लावते आणि कामाला लागते, तिला कोण व्यसनी म्हणणार, आणि ती स्वतःला तरी का म्हणेल.

आता हे काही आमच्या एका घराचं खूळ नाही. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभरातल्या साधारण सोळा-सतरा बायका तंबाखू या ना त्या रूपात तोंडात धरतात असं आलं होतं, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या जेमतेम एक-दीड. म्हणजे आपल्या राज्यात बाईच्या तंबाखूचं तोंड बघायचं तर धूर शोधून उपयोग नाही, डबी शोधायला पाहिजे.

आणि गरोदरपणात त्यानं काय होतं हे परदेशातून शिकून यायची गरज नाही, आपल्या मुंबईतच शोधून काढलेलं आहे, २००४ साली. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांचा अभ्यास, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. तीन ते सात महिन्यांच्या १,२१७ गरोदर बायकांचा त्यांनी बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केला. त्यातल्या सतरा टक्के बायका असली तंबाखू वापरत होत्या आणि त्यात सगळ्यात जास्त कशाची सवय होती, तर मिश्रीचीच. वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी निघाली, दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाण जास्त निघालं. १०५ ग्रॅम ऐकायला काहीच नाही वाटत, दोन लिंबांएवढं. पण ती सरासरी आहे, आणि जिचं बाळ आधीच अडीच किलोच्या, म्हणजे कमी वजनाच्या, काठावर आहे, तिच्यासाठी तेवढंच काठाच्या आत की बाहेर ठरवतं. दोन वर्षांनी त्याच बायकांच्या माहितीवरून पुढचं आलं ते मात्र वाचून मी मोबाईल खाली ठेवला. पोटातच मूल दगावण्याचं प्रमाण न वापरणाऱ्यांत शंभरात तीन, वापरणाऱ्यांत शंभरात जवळपास नऊ. बाकीची कारणं हिशोबातून बाजूला काढली तरी अडीच पटीहून जास्त धोका. आणखी दोन वर्षांनी पुन्हा त्याच बायकांवरून, मिश्री-तंबाखूवाल्या गरोदर बायकांत रक्त कमी असण्याचं प्रमाणही जास्त.

हे सगळं २००४ ते २००८ मधलं आहे. मला हे माझी भाची जन्मल्यानंतर कळलं.

कसं होतं तेही कुणी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. हिरडीची कातडी पातळ, तिथून निकोटीन थेट रक्तात. रक्तवाहिन्या आवळतात, वारेतून बाळाकडं जाणारं रक्त कमी पडतं, आणि निकोटीन वार ओलांडून स्वतःही बाळाकडं जातं. बाळंत झाल्यावर अंगावरच्या दुधातूनही जातं. गावात तंबाखूचा तोटा म्हटलं की एकच माहिती, तोंडाचा कॅन्सर, तो पाकिटावरचा फोटो. तो कसा पन्नाशीत होतो, कुणाला होतो कुणाला नाही, आजीला कुठं झाला, असं म्हणून बाई सोडून देते. पोटातल्या पोराचा संबंध त्या फोटोत नाही.

बरं फोटो तरी कशावर. पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा छापायचा नियम आहे, तंबाखू सोडायच्या हेल्पलाईनचा नंबरही छापतात, १८००-११-२३५६. सुट्ट्या मिश्रीला पाकीटच नाही हो. वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधून देतो दुकानदार. दात घासायच्या पेस्टमध्ये आणि पावडरीत तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे म्हणे, आणि २०१२ पासून राज्यात गुटखा बंद. आमच्या घरात दात घासायची पावडर हीच तंबाखू आहे, तिला कुठली बंदी लागणार.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ही मला कुठल्या पोस्टरवर दिसली नाही आणि मला वाटतं सगळा घोळ इथंच आहे.

वहिनीचं हिमोग्लोबिन आलं ७.८. (ती एकटी नव्हे, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या गरोदर बायकांपैकी जवळपास ४६ टक्के रक्त कमी असलेल्याच होत्या.) तिला लोहाच्या लाल गोळ्या दिल्या. गोळ्या फुकट मिळाल्या, वेळेवर मिळाल्या, आशाताई घरी येऊन विचारून गेल्या, त्यात कुणाला नाव ठेवायला जागा नाही. पण लोहाच्या गोळीनं पोट धरतं. गरोदरपणात पोट तसंही धरतंच. आणि मिश्री लावणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती पहिलं कारण हेच सांगेल की मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, लावली की कळ येते. म्हणजे गोळीनं पोट धरलं, म्हणून मिश्री वाढली, तीनाची पाच वेळा झाली. मिश्रीनं भूक मारली, म्हणून सकाळचा चहा आणि थेट अकराला भाकरी. मग रक्त कुठून वाढायचं? पुढच्या तपासणीला ८. गोळ्या खात नाहीस का गं म्हणून वहिनीला ओरडा बसला. ती खात होती, मी स्वतः रिकामी पाकिटं मोजलीत. शेवटी तिनं गोळ्याच बंद केल्या, कारण गोळी आणि मिश्री यातलं एक तरी सोडायला पाहिजे असं तिच्या पोटानं सांगितलं, आणि मिश्री सोडायचा विचार कुणी तिच्या डोक्यात घातलाच नव्हता.

मळमळीचंही तेच. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या तर आई म्हणाली थोडी मिश्री लाव, तोंडाला बरं वाटेल. आणि हिरड्यांचं तर त्याहून गमतीशीर. गरोदरपणात हिरड्या सुजतात, घासताना रक्त येतं, हे हार्मोनमुळं होतं आणि बऱ्याच जणींना होतं. आमच्याकडं हिरडीतनं रक्त आलं की उपाय काय, तर मिश्री दाबून धरायची. म्हणजे मळमळ, पोट, हिरड्या, थकवा, गरोदरपणात जे जे होतं त्या सगळ्यावर आमच्या घरात औषध एकच, आणि तुमच्या केसपेपरवर त्याचं नावच नाही.

भाची आठव्या महिन्यात झाली, एक किलो नऊशे. चौदा दिवस काचेत. मिश्रीमुळंच झालं असं मी म्हणणार नाही, तेवढी अक्कल मला आहे, रक्त कमी होतं, वय कमी होतं, शेवटपर्यंत शेतात वाकून काम होतं, एकाच बाईकडं बघून कारण नेमकं कोणतं ते कुणालाच सांगता येणार नाही. पण डॉक्टरांनी विचार करताना सगळी कारणं समोर असायला हवी होती की नको? एक कारण डबीत बंद राहिलं. ते चौदा दिवस वहिनी त्या वॉर्डाबाहेरच्या जिन्यात बसून असायची आणि तिथंही कमरेला डबी होतीच, ताण आला की लावायची. पोर आता चार वर्षांची झालीय, धडधाकट आहे, घर डोक्यावर घेते.

मग कुणाला कळलं तर, एका पोरीला. डेंटल कॉलेजची मुलं गावात शिबिराला आली होती, देवळासमोरच्या शाळेत. विशी-बाविशीची पोरगी, मास्क, हातमोजे, बॅटरी. वहिनीचं तोंड बघितलं आणि सरळ विचारलं, "ताई, दात कशानं घासता?" वहिनी म्हणाली, मिश्रीनं. "किती वेळा?" पाच वेळा. "किती वेळ तोंडात ठेवता?" हे बघा असं अंगण होईस्तोवर. "दुसऱ्या मुलाचा विचार आहे का?" आहे की. झालं, दोन मिनिटांत सगळी कुंडली बाहेर आली, लाजली नाही, लपवलं नाही, उलट कौतुकानं सांगत होती. त्या पोरीनं ओरडलं नाही. एवढंच म्हणाली की ही तंबाखू आहे, बाळाला पोचते, एकदम नाही जमलं तर आजपासून एक वेळ कमी करा, दुपारची सोडा आधी, आणि लावलीच तर लगेच चूळ भरा.

वहिनीनं दुपारची सोडली. पहिला आठवडा डोकं दुखलं, चिडचिड झाली, आईशी दोनदा वाजलं. तिला म्हणलं बडीशेप चघळ, लवंग धर. पोटासाठी रात्री गरम पाणी, भिजवलेले काळे मनुके, पालेभाजी. आता दोनवर आलीय, सकाळची आणि रात्रीची. त्या दोन सुटत नाहीत अजून.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे की प्रश्न बदला. पहिल्या नोंदणीला, जेव्हा पाळीची तारीख विचारता तेव्हाच विचारा, दात कशानं घासता, किती वेळा, किती वेळ तोंडात धरता. हा प्रश्न व्यसनाच्या रकान्यात घालूच नका, जेवणखाणाच्या प्रश्नांत घाला, चहा किती वेळा पिता त्याच्या शेजारी. आणि आकडा लिहा, हो-नाही नको, म्हणजे पुढच्या वेळी पाचाची तीन झाली का ते बघता येईल आणि झाली असेल तर शाबासकी देता येईल. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असतेच, डॉक्टर असतात, बाया आलेल्या असतात, तिथं एक माणूस फक्त तोंड बघायला बसवा. लोहाची गोळी देताना पोट धरेल हे आधी सांगा आणि धरलं तर काय करायचं तेही सांगा, नाहीतर ती तिचं औषध तिच्या डबीत शोधणार. सासूला सोबत बसवून सांगा, कारण तवा तिच्या हातात आहे. आमच्या आईला त्या पोरीनं बोलावलं असतं तर बरं झालं असतं, नंतर मी सांगितलं तर म्हणाली, तू चार बुकं शिकलीस म्हणून आमाला शिकवतीस का.

आणि आशाताईंना आधी विचारा, प्रेमानं. त्याही आमच्यातल्याच आहेत, त्यांच्यातल्या किती जणींच्या पिशवीत डबी आहे हे मला माहितीये आणि त्यांनाही. त्यांना लाजवून काही होणार नाही. पण जिनं स्वतः पाचाची एक केलीय ती आशाताई दुसरीला जे सांगेल ते तुमचं पोस्टर सांगू शकणार नाही.

शहरातल्या डॉक्टरांनाही दोन शब्द, कारण वाचताना तुम्ही म्हणत असाल की हे खेड्यातलं. मी पुण्यात नोकरी करते. माझ्या ऑफिसमधली एक जण सिगारेट ओढायची, दिवस गेले तेव्हा तपासणीला सासू सोबत, नवरा सोबत, आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, स्मोकिंग, ड्रिंकिंग? ती काय उत्तर देणार होती तुम्हीच सांगा. तिनं गरोदरपणात कुणाच्या मदतीशिवाय, लपतछपत, एकटीनं सोडायचा प्रयत्न केला. पाच मिनिटं घरच्यांना बाहेर बसवलं असतं तर? आणि दारूचंही तसंच, गरोदरपणात अमुक इतकी चालते असं सुरक्षित प्रमाण कुणीच ठरवलेलं नाही, पण एक ग्लास वाईन चालते म्हणून सांगणाऱ्या मैत्रिणी शहरात आहेत आणि बाळंतिणीला सर्दी नको म्हणून चमचाभर ब्रँडी पाजणाऱ्या आज्या गावात. त्या वाईन-ब्रँडीलाही कुणी ‘व्यसन’ म्हणत नाही, औषध म्हणतात. म्हणून तिथंही, व्यसन आहे का विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार.

सोलापूरकडच्या विड्या वळणाऱ्या बायांचं मी इथं लिहीत नाही, त्या नऊ महिने तंबाखूच्या सुपावर बसून काम करतात, तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे आणि तो त्यांच्यातल्याच कुणी लिहावा.

वहिनीला आता पुन्हा दिवस गेलेत, पाचवा सुरू आहे. केंद्रात नाव घातलंय, पहिली तपासणी झाली, मी नव्हते तेव्हा. केसपेपर फोटो काढून पाठवायला सांगितला तिला. वजन, बीपी, हिमोग्लोबिन ९.४, बरं आहे या वेळी. आणि खाली तीच ओळ. व्यसन : नाही.

मी फोन केला, म्हणलं वहिनी, सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "वन्सं, त्यांनी मिश्रीचं विचारलंच न्हाई. विचारलं असतं तर सांगितलं असतं की, दोनवर आणलीय म्हणून."

येत्या ९ तारखेला मी रजा टाकून तिच्यासोबत येतेय. बाकावर बसेन, मधे बोलणार नाही.

कळावे,
एक नणंद, पुणे (माहेर सांगली जिल्हा)